अळणी वांगी

नवघरच्या नव्या बिल्डिंगीत राहायला आलो तेव्हा समोरच्या वहिनींनीच पहिला चहा पाजला. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची तसबीर लागली, तरी भाजीच्या वाट्यांची देवाणघेवाण चालूच राहिली. मराठवाडा सुटला, पण इथं आपली माणसं मिळाली, असं मला वाटायचं. त्यांना सोसावं म्हणून मी तिखटसुद्धा कमी केलं.

एकदा वांग्यांत मीठच विसरले. जेवायला बसल्यावर कळलं, तोवर वाटी समोर गेली होती. गैरसमज नको, म्हणून ताटावरून उठून धावले. मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "पोरांनी चाटूनपुसून खाल्ली हो! मीठही अगदी बरोब्बर पडलं होतं!"

रिकामी वाटी देऊ नये म्हणून त्यांनी तीत साखर घातली.

घरी येऊन मी ती मोरीत ओतली. इतकी वर्षं माझ्या भाज्याही त्यांच्या मोरीतच गेल्या असणार.