आठी पडायच्या आधी

मिरची वाळवतात त्या पथारीवर आई देठं खुडायची. तिखटाच्या खकाण्याने डोळे चुरचुरायचे, म्हणून दिवसभर कपाळ आवळलेलं. पस्तिशीतच तिथे खोल आठ्या पडल्या. तिच्या त्या रोजावर मी बीए झाले, घरातली पहिली.

आता शहरात एका त्वचेच्या दवाखान्यात मी काऊंटरवर असते. परवा फाईल द्यायला आत गेले, तर तेवीस वर्षांची एक मुलगी खुर्चीत होती. सुरकुत्या पडायच्या आधीच, कपाळ आवळताच येऊ नये असं इंजेक्शन घ्यायला आलेली.

"रागवून दाखव," डॉक्टर म्हणाल्या. कपाळ आवळलं की पेन्सिलीने ठिपके काढायचे, तिथेच सुई.

"मॅडम, रागच येत नाहीये!"

"मग सासू आठव."

"अजून लग्न कुठे झालंय!"

"होणारी आठव."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझं कपाळ हललं नाही. काऊंटरवरचा चेहरा ताजा हवा, म्हणून गेल्या महिन्यात दवाखान्याने मलाही ते इंजेक्शन घ्यायला लावलंय.

आमच्या गावाकडे कुणी कुणाचं दुःख विचारत नाही, कपाळ बघतात. रविवारी गावी आईच्या छातीचा रिपोर्ट मी हातात घेतला. तिला अक्षर येत नाही. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"कपाळाला आठी नाही तुझ्या," ती म्हणाली. "म्हणजे साधाच खोकला. उगाच घाबरवतात मेले." आणि खोकतच चहा ठेवायला उठली.

मी तिला थांबवलं नाही. इंग्रजीतला तो रिपोर्ट मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचता आला होता.