नव्या वस्तीत अडकलेली वाट

वाचनालयातल्या मंडळींनो, आज फळ्यावर कापसाचा भाव नाही. सकाळी जे झालं तेच लिहितो.

भाजी विकणारी सखूबाई गेली. तिरडी घेऊन आम्ही नदीकडच्या पांदणीने मसणात निघालो, आणि पुढे भिंत! आपणच पसंत केलेल्या नव्या वस्तीचं पहिलं घर पांदणीवर उभं, दोन्ही बाजूंना शेतांची काटेरी कुंपणं. एरवी त्या वाटेने जातं कोण?

निघालेली तिरडी माघारी नेत नाहीत. सखूबाईचा लेक विस्तवाचं मडकं धरून भिंतीकडे पाहत राहिला.

घर बांधणारा रेल्वेतला नोकर, गावात नवा. तो बाहेर आला. वाटलं, आता भांडण होतं.

"काहून थांबले तुमी? घरातून न्या. दरवाजे बसाचे हायेत अजून."

"अरे बाप्पा, तुया घराची वास्तुशांत व्हायची हाय," पाटील म्हणाले.

"मले याच गावात राहाचं हाय, पाटील."

सखूबाई त्याच्या कोऱ्या घरातून गेली.

वस्ती वाढावी, मलाही वाटतं. पण नकाशा पाहताना आपण विहीर विचारली, शाळा विचारली. ही वाट कोणीच विचारली नाही.

लवकरच त्या घराला दरवाजे बसतील. पुढची तिरडी कुठून न्यायची, सांगा.