नोटीस-फलकाखालचं बाकडं

कमलताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आधी विचारलं, "आणि ती मुलगी?" निरोप आणणारा चिडला. पण ताईंनीही तेच विचारलं असतं... मालेगावच्या विणकराची मुलगी तेव्हा त्यांच्या घरी राहत होती. आमच्या नाशिकरोडच्या बौद्ध वसाहतीतल्या कारकुनाशी तिचं नोंदणी लग्न ठरलं होतं. तिचं नाव लिहीत नाही. वर्तमानपत्राची पुरवणी सगळेच वाचतात.

धर्म न बदलता दोघांनी लग्न करायचं म्हटलं की विवाह नोंदणी कचेरी त्यांची नावं-पत्ते महिनाभर भिंतीवर लावते. मांडवात लग्न लावणाऱ्यांना कुणी असं भिंतीवर टांगतं का? मग यांनाच का? त्या महिन्यात भाऊ येतात, मामा येतात, मुलगी ओढून नेतात. निवृत्त शिक्षिका असलेल्या ताईंनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. नोटीस लागली की त्या मेथीची जुडी घेऊन फलकाखालच्या बाकड्यावर बसायच्या. वाचणाऱ्याला त्यांच्या डोक्यावरून वाकावं लागे. "कोण पाहिजे, भाऊ?" पानं खुडता खुडता त्या विचारायच्या. कितीतरी जण तिथूनच मागे फिरायचे.

आमच्या नास्तिक मंडळातल्या, देव न मानणाऱ्या या बाईंनी त्या मुलीच्या नमाजासाठी घरातला एक कोपरा झाडून दिला होता. मी भडकलो. "ताई, आपण मंडळाच्या पत्रकात देवधर्माविरुद्ध काय लिहितो आणि घरात काय चाललंय?"

"पत्रक तू लिहितोस, घर मी झाडते," त्या म्हणाल्या. "घरचे तिला म्हणाले, हेच मान. आता तू म्हण, हे सोड. तिला कुणी विचारायचंच नाही का?... आणि चप्पल काढ आधी. चटई धुतलीय."

मी चहा न घेताच निघालो.

ताई गेल्या तेव्हा नोटीस अजून भिंतीवरच होती. बाकडं रिकामं ठेवून कसं चालेल? मीच मेथी घेऊन बसलो. पानं आणि काड्या एकाच ढिगात. जिन्यावर पाय वाजला की मान वर. एका दुपारी पांढऱ्या दाढीचे गृहस्थ माझ्यावरून वाकले. सदऱ्याला सुताचे तंतू. बोट नेमकं तिच्या नावावर थांबलं. बाप! याने नुसता आक्षेपाचा अर्ज दिला तरी लग्न अडकलं असतं.

"कोण पाहिजे, चाचा?" माझा आवाज फाटला.

"वो मेथीवाली बाई किधर है?"

म्हणजे हे आधीही येऊन गेले होते. ताईंनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

"वारल्या," मी म्हणालो.

त्यांचं बोट नावावरून खाली आलं. मग हळूच, "लडकी नमाज पढती क्या?"

"पढती. कोपरा दिलाय तिला. बाईंनीच."

त्यांनी ढिगातून दोन काड्या उचलून बाजूला टाकल्या. "डंडी निकाल, बेटा," म्हणाले आणि वळले. अर्ज द्यायला साहेबांच्या खोलीकडे जातात की काय, म्हणून मी मागोमाग धावलो. ते जिना उतरून गेले... लग्नाच्या सह्या होईपर्यंत मात्र माझी नजर दारावरच होती.

आता ताईंच्या मुलाला घर भाड्याने द्यायचंय. पुढची नोटीस लागली की त्या वेळची मुलगी ठेवायची कुठे? परवा सामान आवरायला गेलो. कोपऱ्यात ती चटई गुंडाळून उभी होती. ती उचलायला वाकलो तेव्हा लक्षात आलं, माझी चप्पल आपसूक उंबऱ्याबाहेरच राहिली होती.