सुनंदाअक्कांच्या नावाचं मटण

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एसटीडी बूथमध्ये फॅक्सचा कागद इंचाइंचानं बाहेर येत होता. आधी सुनंदाअक्कांचा फोटो आला, मग नाव. त्याखाली ठळक अक्षरांत : 'झणझणीत तांबडा रस्सा. साहित्य : मटण एक किलो.' कोपऱ्यात एडिटरनी हातानं लिहिलं होतं, 'नाव बरोबर आहे ना? लगेच कळव.'

नाव अगदी बरोबर होतं. अक्का नेसरीच्या, शेतकरी जैन घरातल्या. गावात मुनिमहाराज आले की आहाराचा मान या घराला. त्यांच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा येत नाही आणि दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही.

मी तेव्हा फ्रीलान्सर होते. म्हणजे ऑफिस नाही, पगार नाही आणि बोलावल्याशिवाय बोलायचं नाही. शेवटचं मला शाळेपासूनच जमायचं. मुंबईच्या एका मासिकासाठी मी गावोगावी फिरून घरगुती पदार्थ लिहून आणायचे. घरच्या बायका माप सांगत नाहीत. 'गूळ किती?' विचारलं तर अक्का म्हणाल्या, "बसंल तेवढा." म्हणून मी काटा सोबत न्यायचे. गुळाचा डबा आधी तोलायचा, पदार्थ झाल्यावर पुन्हा तोलायचा. फरक म्हणजे माप. असं दोन दिवस तोलून मी त्यांची खपली गव्हाची खीर लिहिली होती.

मी तिथूनच फोन लावला.

"सर, मी खीर पाठवली होती."

"अगं, कोल्हापूर म्हणजे तांबडा रस्सा. खीर कोण बघणार? जुन्या अंकातली रेसिपी होती, ती टाकली."

"पण त्या जैन आहेत. मटण खात नाहीत."

"कोल्हापुरात राहून?"

सर एकदाच कोल्हापूरला आले होते. हायवेच्या हॉटेलात जेवले आणि चपला घेऊन गेले. तेवढ्यावर त्यांना अख्खा जिल्हा कळला होता.

मी गप्प. एरवी अशा वेळी मी छान इंग्रजीत 'नो प्रॉब्लेम, सर' म्हणते. बूथवाले काका ओरडले, "मॅडम, लाईन चालू हाय, बोला की!"

"सर, त्यांचं नाव काढा. फोटोपण."

"नाव काढतो. फोटोच्या जागी काय घालू? पान आज प्रेसला चाललंय. तुझा पासपोर्ट फोटो आहे इथं, तो घालू?"

लग्नाच्या अल्बममध्येही मी खांबामागे असते.

"घाला," मी म्हणाले.

अंक आला. मटणाच्या पातेल्याशेजारी मी, चौकीवर बोलावल्यासारखा चेहरा करून. खाली माझं नाव, 'कोल्हापूरची पारंपरिक चव', आणि साहित्यात टोमॅटो प्युरे व क्रीम. आमच्या घरी मटण आई करते. मला ती पातेल्याच्या जवळही येऊ देत नाही. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वर शेजारणीला हाक मारून पुन्हा वाचलं.

अक्कांना मी शब्द दिला होता की तुमचा फोटो छापून येणार. म्हणून अंक घेऊन नेसरीला गेले. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं.

"माझा फोटू कुटं हाय?"

"नाही आला."

"आनि ह्ये मटण तू केलंस व्हय?"

"नाही."

"मग नाव तुजं कसं?"

मी सगळं सांगितलं. त्यांच्या नावानं काय छापणार होते, तेही. अक्कांनी पान चटकन खाली ठेवलं. मग आत गेल्या आणि खिरीची वाटी माझ्यापुढं ठेवली.

"खा. आन् तुज्या सायबाला म्हनावं, जेवायला ये आमच्यात. दिवस मावळायच्या आत."

मी निरोप कळवला. सरांनी विचारलं, "नॉनव्हेज असेल ना?"

त्यानंतर मी पान डोळ्यांखालून गेल्याशिवाय छापू देत नाही. आणि पासपोर्ट फोटो कुणाकडेच ठेवत नाही.