दोन्ही बाह्या उजव्या

आमचे हे शिंपी. दुकान बंद केल्यावर मशीन घरी खिडकीपाशी आलं, आणि मुलीने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर ह्यांनी शिवण शिकणाऱ्यांसाठी चर्चामंच उघडला. घरात चार शब्द बोलायचे तर ज्यांच्या जिवावर यायचं, ते तिथे दिवसभर लिहीत बसायचे. मी नाक मुरडायचे.

सुरुवातीला तिथे चिटपाखरू नव्हतं. मग कुणी एक 'नवशिकी काकू' आली. तिचा पहिलाच प्रश्न: दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या गेल्या, आता काय करू? ह्यांनी उत्तर दिलं. ते वाचून आणखी एकीने आपली फजिती सांगितली, मग एका पोस्टमनने. वर्षभरात शेकडो जण जमले. ह्यांचा दंडक एकच होता: दुसऱ्याच्या चुकीला हसायचं असेल तर आधी आपली चूक सांगायची. काकूवर तर सगळ्यांचा जीव. हे जेवताना तिचं कौतुक सांगायचे आणि माझा तिळपापड व्हायचा. एकदा म्हटलंसुद्धा, तिलाच बोलवा वाढायला.

मार्चमध्ये हे गेले, बसल्या जागी, मशीनवर अर्धा सदरा तसाच टाकून.

मुलीने आपल्या नावाने मंचावर बातमी कळवली होती. महिन्याभराने तिने तो मला उघडून दाखवला. लोकांनी ह्यांच्याविषयी भरभरून लिहिलं होतं, आणि मधूनमधून एकच विचारणा: काकू कुठे आहेत, त्यांना कुणी कळवलं का? पासवर्ड ह्यांच्या मापाच्या वहीत सापडला. त्याखाली दुसरा होता, काकूचा.

मी काकूचे सगळे प्रश्न वाचून काढले. उलटी लागलेली कॉलर, दोन्ही पट्ट्यांवर केलेली काजं, बोटात घुसलेली सुई. लग्नानंतर हे मला शिवण शिकवत होते, तेव्हाच्या माझ्याच चुका, एकूण एक. दोन्ही बाह्या उजव्या निघाल्या तेव्हा हे हसले होते. मी कात्री आपटून उठले, ती पुन्हा मशीनवर बसले नाही.

काकूला ह्यांनी लिहिलं होतं: "चूक तुमची नाही. बाह्या कापड दुमडून कापायच्या, हे आधी सांगायला हवं होतं. शिकवणारा हसला असेल तर त्याला माफ करा."

चाळीस वर्षं एका घरात राहून हे मला तोंडाने सांगता आलं नाही ह्या माणसाला. मला राग आला आणि रडू काही आवरेना.

मुलगी म्हणाली, "आई, सांगून टाकू या. काकू नव्हतीच म्हणून."

"होती," मी म्हटलं. "दे इकडे तो लॅपटॉप."

काकूच्या नावाने मी एका बोटाने टाइप केलं: मास्तर गेले. त्यांचा सदरा अर्धा राहिलाय. उजवी बाही लागली आहे. डावी कशी कापू?

पहिलं उत्तर पोस्टमनचं आलं. "काकू, मी परवाच दोन्ही डाव्या कापल्या. घाई करू नका, आम्ही आहोत." त्याच्यामागे बाकीचे आले. कुणी कागदावर आकृती काढून फोटो पाठवला, कुणी नुसतंच आपण रडल्याचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी तिच्या घरी गेल्यावर मी कात्री घेतली. बाही कापली, उलटसुलट करून पाहिली. डावीच निघाली. दाखवायला मान वर केली, तर घरात कुणी नव्हतं.