मम्मी उद्या येते

टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "व्हीएसडी आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे." पाच वर्षांची श्रावणी टेबलावर पडून छातीवरची थंडगार जेल बोटाने पसरवत होती. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना तिच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला, म्हणून आम्ही इथवर आलो होतो. सारखी सर्दी, चार पावलं पळून दमणं, हे सगळं आम्ही 'अंगकाठीच बारीक' म्हणून सोडून दिलं होतं.

मी अंबडला एका कंपनीत मशिनवर काम करतो. तिथे केसाएवढा फरक पडला तरी पार्ट रिजेक्ट होतो. आणि घरात लेकीच्या काळजाला छिद्र, ते मला पाच वर्षं कळलं नाही. मला स्वतःचाच राग आला. डॉक्टर म्हणाले, "तुमची चूक नाही, हे जन्मतःच असतं. पण फुप्फुसांतला दाब वाढतोय. आता थांबू नका."

ऑपरेशनची पहिली तारीख खोकल्यामुळे गेली. मूल खोकत असेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात, म्हणून तारखेआधीचा महिनाभर लग्नकार्यं आणि गर्दी टाळा. दुसरी तारीख मिळाली तेव्हा माझी बायको मनीषा सायखेड्याला माहेरी होती, सिझर होऊन अकरा दिवस झालेली. तान्ह्याला हॉस्पिटलात आणता येत नव्हतं आणि मागे ठेवून येताही येत नव्हतं.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आई येणार नाही हे पोरीला आत्ताच सांगू नका. लय हाय खाईल ती." मलाही तेच सोयीचं होतं. श्राऊ विचारायची, "मम्मी कधी येणार?" मी म्हणायचो, "उद्या येते." वेळ मारून नेण्यात आम्हा बापांचा कोणी हात धरणार नाही.

वॉर्डातल्या सिस्टर देवळ्याकडच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी एक कापडी बाहुली आणली, तिला ऑक्सिजनचा मास्क लावला. "आधी हिला झोप येणार. मग डॉक्टर काम करणार. उठल्यावर छातीत नळी असेल, दुखेल थोडं. दुखलं की सांगायचं." श्राऊनं ऐकून घेतलं आणि बाहुलीचा मास्क दोनदा काढून पुन्हा लावला. मी मनात म्हटलं, एवढं उघड कशाला सांगायचं!

मग सिस्टरनी मला बाहेर गाठलं. "दादा, मम्मी येणार म्हणते ती. खरंच येणारेत का?"

"नाही."

"मग आजच सांगा. शुद्धीवर आली की दाराकडंच बघत बसंल."

मी मान डोलावली आणि सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरच्या दारात म्हणालो, "तू उठशील ना, तेव्हा मम्मी असेल." ती हसत आत गेली.

पाच तास मी बाकावर होतो. मनीषा दर अर्ध्या तासाने फोन करायची. सांगण्यासारखं दोघांकडेही काही नसायचं. मागे बाळ रडायचं आणि ती म्हणायची, "ठेवू नका हो, नुसतं धरून बसा." मीही धरून बसायचो.

ऑपरेशन चांगलं झालं. छिद्रावर पॅच लावला, म्हणजे ठिगळच. आयसीयूत दहा मिनिटं सोडलं. एक सांगून ठेवतो: तोंडात श्वास देणाऱ्या मशिनची नळी असते, चेहरा सुजलेला असतो. आपलं मूल ओळखू येत नाही. तरी हात धरा, नावाने हाक मारा.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. घोगऱ्या आवाजात पहिला शब्द आला, "मम्मी?" माझ्या खांद्यावरून ती दाराकडे बघत राहिली. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं. तिथल्या सिस्टरच्या हातून पाणी प्यायची, माझ्या हातून नाही. दोन दिवस असेच गेले. रिपोर्ट उत्तम येत होते, जखम भरत होती, आणि माझी लेक समोर असून मला मिळत नव्हती. ती थिएटरमध्ये असताना आली नाही एवढी तिची आठवण मला तिच्या उशाशी बसून आली.

वॉर्डात आणल्यावर मी बोललो. "श्राऊ, मी खोटं बोललो. मम्मी उद्या येणार नाही. परवाही नाही. तिच्या पोटाला टाके आहेत, बाळ लहान आहे. मलाही ती इथे हवी होती गं."

ती रडली. मीही रडलो. सिस्टर दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

"मम्मीला माझी आठवण येते?"

"येते. रोज रडते."

"आपण कधी जाणार?"

"डॉक्टर म्हणाले पाच दिवसांनी. कदाचित सहा."

तिनं थोडा विचार केला. "मग मम्मीला तेच सांग. उद्या येते म्हणू नको."

मी तिच्यासमोर फोन लावला आणि तसंच्या तसं सांगितलं. त्या संध्याकाळी श्राऊ माझ्या हातून खिचडी जेवली.

तुमच्यावर ही वेळ आली तर पुढून बटणं असलेले सदरे न्या, कारण डोक्यावरून कपडा घालता येत नाही. आणि लेकराला खरं सांगा. त्याला झेपतं, आपल्यालाच झेपत नाही. आम्हाला हे शिकवणाऱ्या त्या सिस्टरना मी अजून नीट धन्यवादही दिलेले नाहीत.

सहाव्या दिवशी आम्ही सायखेड्याला पोचलो. छातीचं हाड जुळेपर्यंत श्राऊला बगलेत धरून उचलायचं नव्हतं, आणि मनीषाला वजन उचलायची बंदी. दोघी कॉटवर शेजारी बसल्या, गालाला गाल लावून.

"मम्मी, तुझे टाके दुखतात?"

"नाही गं बाळा," मनीषा सवयीनं म्हणाली.

श्राऊ तिच्याकडे बघत राहिली.

"दुखतात," मनीषा म्हणाली.

"माझे पण," म्हणत श्राऊनं हळूच तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.