कमी उजेडाची बॅटरी

दुकानात जाऊन "ह्याच्यापेक्षा कमी उजेडाची दाखवा" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो माझा मामा. नगरच्या बाजारात सायकलीच्या सामानाचं एक दुकान होतं. तिथला शेठ बिचारा एकेक बॅटरी काढून, समोरच्या भिंतीवर झोत मारून कौतुकानं दाखवायचा. मामा मान हलवायचा. ही नको, लई लख्ख आहे. शेवटी शेठ वैतागून एका सेलची, खेळण्यातली म्हणावी अशी बॅटरी पुढ्यात टाकायचा आणि मामाचा चेहरा खुलायचा. ही बॅटरी माझ्या, म्हणजे त्याच्या भाच्याच्या, सायकलीसाठी. स्वतःच्या सायकलीला मात्र त्यानं मोटारसायकलचा हेडलाइट बसवलेला. त्याला करंट द्यायला मागच्या कॅरिअरवर ट्यूबच्या पट्टीनं आवळलेला जड डबा. आणि तेवढ्यानंही भागत नाही म्हणून कपाळाला आणखी एक दिवा.

घरात त्याला सगळे बॅटरीमामा म्हणत. माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याला ऐकवायची, की स्वतःला सर्चलाइट आणि भाच्याला काजवा, वा रे तुझा न्याय! मामा हसून चहा प्यायचा. मीही त्याला चिक्कू समजत होतो. असली बॅटरी देऊन तो मला रात्री सायकलीवरनं अंधारात का नेत होता, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. माझे डोळे शाबूत आहेत का, ते तो बघत होता.

त्याचं असं झालं होतं. आम्ही भिंगारला राहायचो. मामा तिथल्याच एका डेपोत ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर म्हणजे कसा, तर पंधरा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. एकदा दिवेलागणीला तो गाडी घेऊन येत असताना डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. शेजारी बसलेला माणूस ओरडला म्हणून ब्रेक लागला. बाई वाचली, पण मामाला ती दिसलीच नव्हती. ब्रेक दाबल्यावरही दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं साहेबाच्या टेबलावर किल्ली ठेवली आणि स्टोअरमध्ये काम मागून घेतलं. घरी सांगितलं, कंबर धरते.

पुण्याच्या डॉक्टरनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं. रात्रीची नजर आधी जाणार, मग कडेची, मग उरलेली. औषध नाही. गाजरं खा, कलेजी खा, काही उपयोग नाही. आणि हे आईच्या बाजूनं येतं. बहिणीला स्वतःला काही होत नाही, पण मामाचं भाच्याला येऊ शकतं. मामाचा मामाही दिवस बुडायच्या आत घर गाठायचा. गावानं त्याला जन्मभर भुताला भिणारा म्हणून हसून घेतलं.

आणि मी तर ड्रायव्हर व्हायलाच निघालो होतो. हेवी लायसन्स हातात आलं होतं, एसटीत अर्ज टाकायचा होता. मामा म्हणाला, वर्षभर थांब. का, ते सांगेना. त्याच सुमाराला जाड टायरच्या सायकली नव्यानं आल्या होत्या. त्यातल्या दोन कुठून तरी वापरलेल्या मिळवून त्यानं एक माझ्या हातात दिली आणि आमचं चांदबिबीच्या महालाच्या डोंगरावर जाणं सुरू झालं. डांबरी सडकेनं नाही, मागच्या मुरमाड पायवाटेनं. तेही रात्रीचं. आणि शक्यतो अमावास्येला.

अमावास्या म्हटल्यावर शेजारच्या बायकांनी आईला भरवून दिलं. आमच्या घरात असलं काही मानत नसत, तरी आईचा जीवच तो. मामा तिला म्हणायचा, "अक्का, अमावास्या म्हंजी चंद्र न्हाई, एवढंच." ती आम्हाला जाऊ द्यायची, पण आम्ही परत येईपर्यंत दारात उभी असायची.

दिव्याच्या बाबतीत मामाची मतं पक्की होती. डायनामो त्याला चालत नसे. चढाला पाय थांबला की दिवा मेला, आणि उताराला नको तेव्हा भडकतो, असलं बिनभरवशाचं काम आपल्याला नको, म्हणायचा. बॅटरी हँडलला नाही, खाली चाकाजवळ बांधायची. खालून उजेड आला की खड्याची सावली पडते आणि खडा कळतो. कपाळावरचा दिवा सगळी वाट सपाट करून दाखवतो, मग त्याच्यावर विसंबलेला माणूस तोंडावर आपटतो. मामा स्वतः मात्र इतके दिवे असून आपटायचा. कोपर फुटायचं, गुडघा सोलायचा, आणि उठून तो दिव्यालाच शिव्या घालायचा. मला हसू यायचं.

जाताना तो सारखा विचारत राहायचा. पुढं काय हाय? बाभूळ. डावीकडं? दगडाचा ढीग. त्याच्या पलीकडं? वेळ जावा म्हणून बोलतोय असं मला वाटायचं. दर दोन-तीन खेपांनी माझी बॅटरी बदलायची आणि उजेड आणखी कमी व्हायचा. एकदा तर त्यानं मुद्दाम मेलेले सेल घातले. मी भांडलो. तो म्हणाला, "दिव्याकडं नगं बघू. दिवा संपतो तिथनं पुढं बघ."

मग ती रात्र आली. महालाच्या पायथ्याला आम्ही दिवे विझवून पाणी पीत बसलो होतो. थंडीचे दिवस, आभाळ चांदण्यांनी नुसतं खच्चून भरलेलं. मामा वर बघून सहज म्हणाला, "आज आभाळ आलंय, न्हाई का?"

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याचं तोंड वर होतं आणि तो खरंच ढग शोधत होता. मी त्याचा हात धरून विचारलं, मामा, तुला चांदण्या दिसत नाहीत? मग त्यानं सगळं सांगितलं. ती बाई, ती किल्ली, पुण्याचा डॉक्टर, मामाचा मामा. डॉक्टरकडंच का नाही नेलंस मला, म्हणालो. तर म्हणाला, "अक्काला कळलं असतं. तिच्यातनं आलं म्हणून ती सवताला दोष देत बसंल. खात्री झाल्याबिगर तिला न्हाई सांगायचं."

त्यानंतर मी जो भ्यालो, तसा पुन्हा कधीच भ्यालो नाही. आधी अंधाराचं काही वाटत नव्हतं, आता संध्याकाळच नको वाटायची. उजेडातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर क्षणभर कुणालाच दिसत नाही, हे कळत होतं, पण तेवढ्या क्षणात माझा जीव जायचा. मोरीत दिवा न लावता तांब्या शोधायचा आणि हाताला लागला की दिसला म्हणून लागला का चाचपडून लागला, याचा विचार करत बसायचं. पायवाटेवर एखादा दगड दिसायचा राहिला की आई आठवायची, तिला काय सांगायचं म्हणून. लहानपणापासून लोक म्हणत आले होते, हा अगदी मामावर गेलाय. तेच नाक, तेच कपाळ, तीच चाल. याचा मला लई अभिमान होता. आता कुणी तसं म्हटलं की मी तिथून उठून जायचो.

मामाला माझी भीती कळत होती, आणि त्याची भीती माझ्यापेक्षा मोठी होती. तो मला धीर देत नव्हता. काही होणार नाही असं एकदाही म्हणाला नाही. खोटं बोलायचा त्याचा स्वभावच नव्हता. एवढंच म्हणायचा, की भरली गाडी हातात घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

वर्ष संपायला आलं तशी त्यानं एका अमावास्येला माझ्या सायकलीची बॅटरी काढूनच घेतली. महालाशी मला उभं केलं. मी खाली वळणापाशी जातो, शिट्टी मारली की दिव्याशिवाय उतरायचं, म्हणाला. वाटेत काहीतरी असेल. काय, ते सांगणार नाही. दिसलं तर थांबायचं.

"आन् न्हाई दिसलं तर?" मी विचारलं.

"तर आदळशील. मग अर्ज टाकायचा न्हाई."

त्याचा दिवा झाडाझुडपांतून हलत खाली गेला आणि विझला. मी एकटा उभा. लांब नगरचे दिवे होते, पण तिकडं बघायचं नाही एवढं मी शिकलो होतो. शिट्टी आली. मी जीव मुठीत धरून पायडल मारलं. आधी सगळं काळंच. ओरडून सांगावंसं वाटलं, मामा, मला काही दिसत नाही. मग हळूहळू मुरूम मातकट, पांढुरका होत गेला आणि कडेची झुडपं त्याच्यापासून वेगळी झाली. दगड आला, मी चुकवला. ओघळ आला, उतरलो. वळणाअलीकडं वाटेच्या मधोमध काहीतरी काळं बसलेलं होतं. जनावर असेल असं वाटलं. मी दोन्ही ब्रेक आवळले आणि थांबलो, चांगला बऱ्याच अंतरावर. मग कळलं, ती मामाची घोंगडी होती, आणि आत मामा. डोक्यावरून घोंगडी घेऊन, मांडी घालून, तो वाटेत बसला होता.

सायकल थांबल्याचं ऐकून त्यानं विचारलं, "कोन? भाच्या, थांबलास व्हय?"

"तू कशाला बसलास मधी? लागलं असतं की."

"आदळायचंच तर माज्यावर आदळ म्हनलं." "दिसलो का रं मी?"

"दिसलास."

"लांबनं?"

"लई लांबनं दिसलास, मामा."

माझ्या हातातून सायकल सुटली आणि घरंगळत जाऊन झुडपात पडली. मामा उठला. रडतच तो मला जवळ घ्यायला निघाला आणि सायकल पडली त्या बाजूला त्यानं दोन्ही हात पुढं केले. मी दुसऱ्या बाजूला होतो. मी त्याचे हात जिकडं होते, तिकडं जाऊन उभा राहिलो.